फळा कोरा ठेवायला शिकवताना

प्राथमिक शिक्षक घडवणाऱ्या डी.एल.एड. या पदविकेच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात कोरे कागद वाटा आणि ‘मनाला येईल ते चित्र काढा’ एवढंच सांगा. बहुतेक कागदांवर तेच उतरतं. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी, डोंगरातून निघून कागदाच्या कडेला संपणारी नदी, एक झोपडी आणि नारळाचं झाड. सोलापूरच्या सपाट माळावर असा सूर्योदय कुणी पाहिलेला नसतो. पण शाळेत कुणीतरी हे चित्र फळ्यावर काढून दिलेलं असतं आणि ते हातात बसलेलं असतं. दोन वर्षांनी हीच मंडळी दुसऱ्या कुठल्या तरी फळ्यावर तेच चित्र काढतील आणि खाली पहिली-दुसरीची पोरं ते उतरवून घेतील. छात्राध्यापकांना चित्रकला शिकवायची तयारी करून द्यायची म्हणजे आधी हा फळा कोरा ठेवायला शिकवायचं. बाकीचं साहित्य, तंत्र, पाठाचं टाचण त्यानंतर.

प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीला वेगळा कलाशिक्षक नसतो, वर्गशिक्षकच सगळं घेतो. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षं हा पायाभूत टप्पा ठरवला आणि २०२२च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने सौंदर्यदृष्टी व सांस्कृतिक विकास हे शिकण्याचं स्वतंत्र क्षेत्र धरलं. कागदावर सोय झाली आहे. प्रत्यक्षात कलेचा तास कधी गणिताच्या उजळणीला जातो, कधी १५ ऑगस्टच्या तयारीला. म्हणून छात्राध्यापकाला असा तास घेता आला पाहिजे, जो ३५ मिनिटांत, ३० मुलांत, एका नळाच्या शाळेत पार पडेल.

यात एक गंमत असते. शासकीय रेखाकला परीक्षेत, म्हणजे एलिमेंटरी-इंटरमिजिएटला, ‘ए’ श्रेणी मिळवून आलेले छात्राध्यापक सुरुवातीला सगळ्यात जड जातात. त्यांचा हात सफाईदार असतो, म्हणून तो मुलाच्या कागदावर लगेच जातो. ‘माझी चित्रकला कच्ची आहे’ म्हणणारे मात्र मुलाकडे बघत उभे राहतात, आणि तिथूनच या कामाला सुरुवात होते. सफाईदार हात वाईट नव्हे. त्याला थोडे दिवस खिशात ठेवायचं, एवढंच.

आधी स्वतःचे हात

मुलांसमोर जाण्याआधी निदान सहा तासिका छात्राध्यापकांनी स्वतः काम करावं. पहिल्या तासिकेत डाव्या हाताने (डावखुऱ्यांनी उजव्या) जाड मेणखडू मुठीत धरून सायकल काढायची. रेघ मनासारखी वळत नाही, खांद्यातून जोर लागतो, दोन मिनिटांत हात दुखतो. चार वर्षांच्या मुलाची बोटं आणि मनगट अजून वेगळेपणाने काम करत नाहीत, रेघ खांद्यातून आणि कोपरातून येते, हे पुस्तकात वाचून कळत नाही. ते इथे कळतं. त्यातूनच पुढचे दोन निर्णय आपोआप निघतात: लहान मुलांना कागद मोठा द्यायचा (ए-३पेक्षा लहान नको) आणि खडू जाड द्यायचा. वहीच्या पानाच्या चौकटीत बारीक पेन्सिलीने चित्र काढायला लावणं हे त्या हाताशी भांडण आहे.

दुसऱ्या तासिकेपासून फक्त रंग. कुठलंही चित्र काढायचं नाही. तीन रंग आणि पांढरा, यांतून जास्तीत जास्त किती वेगळे रंग होतात ते पट्ट्यांवर उतरवायचं. इथे एक चूक ठरलेली असते. लाल आणि निळा मिळून जांभळा होतो असं सगळे पाठ म्हणतात, पण पोस्टर कलरच्या साध्या संचातला लाल नारिंगीकडे झुकलेला असतो. तो निळ्यात घातला की मळकट तपकिरी होतो. जांभळा हवा तर गुलाबीसर लाल, म्हणजे क्रिमसन, घ्यावा लागतो. तसंच अल्ट्रामरीन निळ्यात गडद पिवळा घातला तर हिरवा मंद, शेवाळी येतो. लेमन पिवळा आणि प्रशियन निळा घेतला तर तो उजळ येतो. छात्राध्यापकाने हे आधी करून पाहिलं नसेल, तर वर्गात मूल म्हणतं, ‘बाई, जांभळा होईना की,’ आणि बाईंकडे उत्तर नसतं.

हळदीचा प्रयोगही इथेच उरकावा. पाण्यात कालवलेली हळद कागदावर फासून वाळू द्यायची आणि त्यावर साबणाच्या पाण्याचा ब्रश फिरवायचा. पिवळ्यात लालसर रेघ उमटते. मुलं यावर अर्धा तास खेळतात. चुन्याने रंग अधिक चढतो, पण चुना डोळ्यात गेला तर इजा होते, म्हणून मुलांच्या हाती साबणाचंच पाणी.

मुलाचं चित्र वाचणं

मग येतं निरीक्षण. प्रत्येक छात्राध्यापकाने अंगणवाडीत एका मुलाशेजारी १५ मिनिटं बसायचं आणि वहीत फक्त हात काय करतो ते लिहायचं: कागदाच्या कुठल्या कोपऱ्यातून सुरुवात, गोल किती वेळा, खडू कधी बदलला, तोंडाने काय पुटपुटलं. ‘सुंदर चित्र काढले’ हे वाक्य वहीत दिसलं की वही परत.

व्हिक्टर लोवेनफेल्ड या ऑस्ट्रियात जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत शिकवणाऱ्या कलाशिक्षणतज्ज्ञाने १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांच्या अवस्था मांडल्या, त्या आजही उपयोगी पडतात. साधारण दोन ते चार वर्षं गिरगोट्या. चार ते सात वर्षांत आकार येतात: डोक्यातूनच पाय फुटलेला माणूस, हवेत तरंगणारं घर. सात ते नऊमध्ये कागदाच्या तळाला जमिनीची रेघ येते आणि सगळं तिच्यावर उभं राहतं. याच सुमारास घराच्या भिंतीतून आतली माणसं, चूल, पंखा दिसणारी चित्रं येतात. वयं मागेपुढे होतात. तक्ता पाठ करून उपयोग नाही, समोरचं चित्र ओळखता आलं पाहिजे.

छात्राध्यापक इथे कुठे चुकतात ते ठरलेलं आहे. पाच वर्षांच्या मुलाच्या माणसाला धड नाही म्हणून ‘अरे, पोट कुठंय याचं?’ असं विचारतात. मूल दचकतं, पोट काढतं आणि पुढच्या चित्रात माणूस काढायचंच टाळतं. आकाराच्या प्रमाणाचंही तसंच. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेनंतर सोलापूरच्या कुठल्याही शाळेत चित्र काढायला सांगा, मिरवणुकीतल्या मानाच्या सात उंच काठ्या, म्हणजे नंदीध्वज, देवळापेक्षा उंच येतील, ते धरणारी बाराबंदीच्या पांढऱ्या पोशाखातली माणसं काड्यांएवढी, आणि पाळणा तर कागदाच्या बाहेर. मूल जे महत्त्वाचं वाटलं ते मोठं काढतं. ‘देऊळ मोठं असतं ना?’ म्हणून ते दुरुस्त करायला लावणं म्हणजे मुलाने सांगितलेली गोष्ट मधेच तोडणं. छात्राध्यापकांना अशी दहा-बारा चित्रं एकत्र देऊन प्रत्येकातली सगळ्यात मोठी वस्तू कोणती आणि का, एवढंच लिहायला लावलं तर त्या एका तासात अवस्थांचं प्रकरण समजतं.

साहित्य: कमी, पण नेमकं

३० मुलांच्या वर्गासाठी पाच-पाच जणांचे सहा गट. प्रत्येक गटाला एका ताटलीत तीन रंग आणि पांढरा, प्रत्येकी दोन मोठे चमचे. रंग दह्याइतका घट्ट असावा. पातळ झाला की ओघळतो, कागद लगदा होतो आणि मुलाची रेघ वाहून जाते. ब्रश चपटे, अर्धा इंच रुंद, राठ केसांचे. बारीक टोकाचे मऊ गोल ब्रश मुलं दाबून दोन दिवसांत फिस्कटून टाकतात, तो त्यांचा दोष नाही.

पाण्याचं काय करायचं यावर तास तरतो किंवा बुडतो. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना पाणी देऊच नये. प्रत्येक रंगाला स्वतंत्र ब्रश, तो त्याच रंगात परत. सहा वर्षांनंतर ब्रश धुवायला शिकवायचं, आणि तेही तीन शब्दांत: बुडव, पूस, घे. ‘पूस’ हा टप्पा छात्राध्यापक हमखास विसरतात. ब्रश फडक्यावर न पुसता रंगात गेला की ताटलीतले सगळे रंग दहा मिनिटांत मातकट होतात आणि रंग पातळही होतो. पुसायला टर्किश टॉवेलचा तुकडा सगळ्यात चांगला, आणि सोलापुरात त्याची वाण नाही. विणीत दोष असलेला सेकंडचा माल स्वस्तात मिळतो, त्याचे वीतभर तुकडे करून गटागटाला द्यावेत.

उन्हाचा हिशेब इथल्या टाचणात वेगळा धरावा लागतो. फेब्रुवारी सरला की ताटलीतला रंग पाहता पाहता कडेने वाळायला लागतो. सगळा रंग एकदम वाढू नये, निम्मा आता आणि निम्मा मध्यावर. रंगात ग्लिसरीनचे दोन-चार थेंब टाकले तर तो जरा उशिरा वाळतो. पंखा बंद ठेवता येत नाही, म्हणून कागदाचे चारही कोपरे चिकटपट्टीने बाकाला किंवा फरशीला लावायचे. पत्र्याच्या खोलीत मेणखडू मऊ पडून एकमेकांना चिकटतात. त्यांची डबी कपाटाच्या वरच्या खणात न ठेवता खाली, माठाच्या बाजूला ठेवावी.

रांगोळी सहज मिळते म्हणून छात्राध्यापक ती सुचवतात. लहान मुलांसाठी नको. ती दगडाची बारीक पूड असते, पंख्याखाली उडते, नाकातोंडात आणि डोळ्यांत जाते. बारीक चमकीही नको. बिया चिकटवून चित्र करायची कल्पनाही लोकप्रिय आहे. ज्वारी, तूर, चिंचोके चालतील (तीन-चार वर्षांच्या मुलांना तेही देखरेखीशिवाय नको, नाकात घालतात). गुंजा आणि एरंडाच्या बिया मात्र दिसायला कितीही देखण्या असल्या तरी वर्गात आणूच नयेत, दोन्ही विषारी आहेत.

खळ घरीच करावी. एक वाटी मैदा, आधी एक वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मग तीन वाट्या उकळतं पाणी हळूहळू घालत मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळायचं. पाच-सात मिनिटं पुरतात. उन्हाळ्यात ती दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून रोजची रोज करावी. खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायची जुनी रीत आहे. पुस्तकबांधणीत ठीक, मुलांच्या खळीत अजिबात नाही.

माती

सगळ्यात जास्त वेळ मातीला द्यावा, कारण लहान मुलाला कागदापेक्षा माती लवकर कळते आणि छात्राध्यापकांना ती सगळ्यात कमी येते.

शेतातली काळी माती आणून भागवायचा मोह होतो. जिल्हाभर तीच आहे, फुकट आहे, हातात मऊ लागते. पण ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तितकीच आकसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा सगळ्यांनी पाहिलेल्या आहेत, तीच गत मुलाने केलेल्या बैलाची होते. दुसऱ्या दिवशी बैलाचे तुकडे बघून मूल हिरमुसतं आणि छात्राध्यापक ‘माती खराब होती’ म्हणून मोकळा होतो. कुंभाराकडून तयार माती घ्यावी. नाहीच मिळाली तर गाळलेल्या काळ्या मातीत तिच्या निम्मी बारीक चाळलेली वाळू घालून, दोन दिवस भिजवून मळावी. चिरा कमी होतात, जात नाहीत.

प्रत्येक मुलाला २५० ते ३०० ग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाच्या मुठीत बसेल एवढा गोळा. ३० मुलांना आठ-नऊ किलो. याहून लहान गोळा दिला तर मूल तो फक्त चपटा करतं, उभं काही करत नाही. माती बरोबर भिजली आहे का ते असं बघायचं: बोटाएवढी जाड वळी करून ती बोटाभोवती गुंडाळायची. चिरली तर पाणी कमी, बोटाला चिकटून राहिली तर जास्त. वर्गाच्या आदल्या दिवशी मळून ओल्या पोत्यात आणि वरून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायची.

मुलांसमोर पाण्याची वाटी ठेवायची नाही. ठेवली की दहा मिनिटांत माती चिखल होते, चिखलाचा आकार होत नाही आणि मग मुलं भिंतीकडे वळतात. छात्राध्यापकाच्या हातात ओलं फडकं असावं, ज्याची माती कोरडी पडली त्याच्या तळव्याला ते लावायचं.

वयानुसार काय अपेक्षा ठेवायची? तीन-चार वर्षांचं मूल थापतं, टोचतं, तोडतं, परत गोळा करतं. तोच त्याचा तास, त्यातून गणपती निघण्याची वाट बघू नये. पाच-सहा वर्षांचं मूल वळ्या आणि गोळ्या करून एकमेकांना चिकटवतं. इथे जोड शिकवायचा. दोन्ही बाजूंना काडीने आडवे-उभे चरे पाडायचे, मधे पातळ मातीचा लेप लावायचा, दाबायचं आणि सांधा बोटाने पुसून एकजीव करायचा. नुसतं चिकटवलेलं वाळल्यावर गळून पडतं, कारण दोन्ही तुकडे वेगवेगळे आकसतात. बैलाचे पाय पडतात ते याचमुळे. काही मुलं पाय जोडत नाहीत, एकाच गोळ्यातून ओढून काढतात. तेही उत्तमच, त्यांना जोडायला लावू नये.

वाळवणं सावलीत. पहिला दिवस वरून वर्तमानपत्र, पंख्यापासून लांब. बाहेर ऊन असताना पायरीवर ठेवलेली वस्तू वरून वाळते, आतून ओली राहते आणि मधोमध फुटते. अंगठ्यापेक्षा जाड भाग असेल तर खालून काडीने पोकळ करून घ्यायचा. उरलेली माती टाकायची नाही. पूर्ण कडकडीत वाळू द्यायची, फोडायची, मग पाण्यात घालायची. अर्धवट ओले तुकडे पाण्यात टाकले तर ते विरघळत नाहीत, गुठळ्या राहतात. कोरडे तुकडे पाणी ओढून आपोआप विरतात.

मातीऐवजी कणकेचा किंवा मैद्याचा गोळा करावा असं बऱ्याच पुस्तिकांत सुचवलेलं असतं. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, एक चमचा तेल, पाऊण वाटी पाणी, असा तो होतो आणि हवाबंद डब्यात आठवडाभर टिकतोही. ज्वारीच्या पिठाचा होत नाही, त्यात चिकटपणा धरणारं ग्लूटेन नसतं, गोळा तुटतो. पण ज्या शाळेत मुलं दुपारच्या खिचडीची वाट बघतात, तिथे खायचं पीठ खेळायला वाटू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कुंभारवाड्यातली माती असताना गरजही नाही.

सूत

सोलापुरात विणकाम शिकवायला साहित्य शोधावं लागत नाही. यंत्रमागावर उरलेलं सूत, सुताचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन, मागावर नक्षी विणण्यासाठी लागणारी जेकार्डची भोकं पाडलेली जुनी पुठ्ठ्याची कार्डं, हे सगळं भंगारात निघतं. शहराच्या पूर्व भागातल्या कितीतरी मुलांच्या घरात कुणी ना कुणी चादरीच्या किंवा टॉवेलच्या कारखान्यात असतं. छात्राध्यापकाने मुलांना विचारावं की घरून काय आणता येईल, आणि एखाद्या आजोबांना वर्गात बोलवावं. गाठ कशी मारायची ते आजोबा छात्राध्यापकापेक्षा चांगलं दाखवतील. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुलं या तासाला एरवीपेक्षा जास्त बोलतात, कारण हातातल्या वस्तूचे शब्द त्यांच्याकडे असतात. रंगांची नावं त्यांना त्यांच्या भाषेतही सांगू द्यावीत.

पाच वर्षांपर्यंत कागदाच्या पट्ट्या, प्रत्येकी दोन बोटं रुंद. सहा वर्षांनंतर पुठ्ठ्याचा माग: १५ बाय २० सेंटिमीटरचा जाड पुठ्ठा, वर आणि खाली एकेका सेंटिमीटरवर खाचा, खाचा विषम संख्येत, समजा ११. उभा धागा, म्हणजे ताणा, साध्या न ताणल्या जाणाऱ्या सुताचा, घट्ट पण पुठ्ठा वाकणार नाही इतकाच. आडवा बाणा जाड आणि रंगीत. सुरुवातीच्या दोन ओळी छात्राध्यापकाने नव्हे, शेजारच्या मुलाने करून दाखवाव्यात.

बिघडतं ते नेहमी एकाच जागी. मूल प्रत्येक ओळीला बाणा ओढून घट्ट करतं, कडेचे उभे धागे आत ओढले जातात आणि दहाव्या ओळीपर्यंत कापडाला कंबर येते. ‘सैल सोड’ म्हणून उपयोग होत नाही, सैल म्हणजे किती हे मुलाला कळत नाही. बाणा सरळ न ओढता कमानीसारखा वर ठेवायचा आणि मग बोटांनी किंवा जुन्या कंगव्याने खाली दाबायचा. कमानीत जास्तीचं सूत राहतं, तेच कडेला पुरतं. हे छात्राध्यापकाने स्वतः एक चौकोन विणून, स्वतःची कंबर पाडून, उसवून पाहिलेलं असावं.

जेकार्डच्या कार्डांचा आणखी एक उपयोग: पातळ कागद वर ठेवून, वेष्टन काढलेला मेणखडू आडवा धरून घासला की भोकांची नक्षी उमटते. चार वर्षांच्या मुलालाही जमतं. चादरीवर हे करायचं तर खाली फळी हवी, नाहीतर कापड दबतं आणि काहीच उमटत नाही. भुईकोट किल्ल्याच्या सहलीत दगडाचा खरखरीतपणा घेता येतो, फक्त कोरीव कामावर किंवा लेखांवर खडू घासायला देऊ नये. पुरातत्त्वाची जागा आहे, आणि कागद फाटला की खडू दगडावर जातो.

टाचण आणि तोंड

सराव पाठाच्या टाचणात उद्दिष्ट लिहिलेलं असतं: ‘विद्यार्थी कमळाचे चित्र काढतो.’ हे खोडून ‘विद्यार्थी दोन रंग मिसळून तिसरा करतो’ किंवा ‘विद्यार्थी जाड-बारीक रेघ ब्रशच्या दाबाने काढून पाहतो’ असं लिहायला लावायचं. क्रिया हवी, ठरावीक चित्र नको. वेळेची वाटणी: पाहणं-बोलणं सहा मिनिटं, काम अठरा, आवरणं नऊ, चित्रं मांडून बघणं दोन. आवरायला नऊ मिनिटं हा आकडा छात्राध्यापकांना हास्यास्पद वाटतो. पहिल्या पाठाला ते तीन ठेवतात, घंटा होते, पुढच्या तासाचे गुरुजी दारात उभे राहतात आणि तीस मुलांचे हात निळे असतात. ज्या शाळेत असं दोनदा होतं तिथे मुख्याध्यापक रंगाचा तास बंद करतात.

सगळ्यात अवघड असतं बोलणं. ‘छान’, ‘व्हेरी गुड’ हे शब्द मुलं चित्र न दाखवताही मिळवू शकतात, म्हणून निरर्थक. ‘हे काय काढलंस?’ हा प्रश्नही नको, तीन वर्षांच्या मुलाने ‘काही’ काढलेलंच नसतं आणि विचारल्यावर ते बिचारं तोंडाला येईल ते सांगतं. जे दिसतं ते बोलायचं: ‘इथे ब्रश दाबलास, रेघ जाड आली.’ ‘हा कोपरा सगळा पिवळा भरलास.’ आणि गप्प राहायचं. मूल स्वतःहून बोललं तर ते जसंच्या तसं, मुलाच्याच शब्दांत, चित्राच्या मागे लिहायचं. समोर नाही.

‘बाई, मला गाय येईना, तुम्हीच काढून द्या की,’ हे येणारच. काढून दिली की पुढची पाच मुलं रांगेत. उलट विचारायचं: गाय कशी उभी राहते, करून दाखव. मूल हातपाय टेकून उभं राहतं. मान कुठे, शेपूट कुठे, रवंथ करताना तोंड कसं हलतं? अंगातून गेलेली गाय कागदावर उतरते, पाय पाच आले तरी चालतील.

पाठ पाहणाऱ्या मार्गदर्शकाच्या निरीक्षण पत्रकात नेहमीचे ‘फलकलेखन’चे गुण असतात. कलेच्या पाठापुरता तो रकाना उलटा वापरावा, फळ्यावर चित्र आलं तर गुण कमी. त्याच्या जोडीला दोन मोजण्या: छात्राध्यापकाचा हात मुलांच्या कागदावर किती वेळा गेला, आणि तासाच्या शेवटी तीस चित्रं जमिनीवर मांडल्यावर किती एकसारखी दिसली. पंचवीस सारखी असतील तर पाठ परत घ्यायचा, शिस्त कितीही चांगली राहिलेली असो.

आंतरवासितेत, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावाच्या काळात, एकाच मुलाची सहा चित्रं, मागे तारीख घालून, जमवायला सांगावीत. त्यांत नीटनेटकी निवडायची नाहीत, आलेली पहिली सहा. भिंतीवर लावायची असतील तर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे फरशीपासून साधारण एक मीटरवर, आणि सगळ्यांची. छताजवळच्या दोरीवर फक्त पालकसभेपुरती टांगलेली निवडक चित्रं मुलांना दिसतही नाहीत. तोंडी परीक्षेला छात्राध्यापकाने ही सहा चित्रं क्रमाने ठेवून पहिल्यात नसलेली कुठली गोष्ट सहाव्यात आली ते सांगायचं. उत्तर ‘प्रगती झाली’ असं आलं तर परत विचारायचं: कुठे, बोट ठेवून दाखवा.